दुर्बिणीसाठी हलका ट्रायपॉड घेताय? वजनाच्या आधी थरथर तपासा

उन्हाळ्याची चाहूल लागली की खानापूर, दांडेली, तिळारी, म्हादई या पट्ट्यातल्या पक्षीवेड्यांचे पाय धनेशाच्या घरट्यांकडे वळतात. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते. ढोलीचं तोंड लिंपून चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते आणि आत अंडी उबवते. पुढचे कित्येक आठवडे तिला नर भरवतो, पिल्लं आली की त्यांनाही. खाली माणसांचा घोळका दिसला तर नर ढोलीकडे यायला कचरतो. फळं घेऊन लांबच्या फांदीवर बसून राहतो. त्याच्या फेऱ्या हुकल्या तर आतल्यांना उपास घडतो.

आता घोळका पुढे का सरकतो, ते बघा. शंभर मीटरवरून स्कोप लावलेला असतो, पण चित्र थरथरत असतं. दोघं-तिघं डोळा लावून बघतात आणि कुणीतरी म्हणतं, "काय दिसेना बुवा, जरा पुढं जाऊया." लेन्स चांगली असते, हजारो रुपये मोजलेले असतात, पण खालचा ट्रायपॉड कसातरी घेतलेला असतो. म्हणजे ट्रायपॉड डळमळीत असला की त्रास फक्त बघणाऱ्याला होत नाही, ज्याला बघायला गेलो त्यालाही होतो.

दुसरी बाजूही खरी आहे. मजबूत म्हणून तीन-साडेतीन किलोचा ट्रायपॉड घेतला, तर दोन वेळा डोंगर चढून झाल्यावर तो माळ्यावर जातो. म्हणून हलका हवा, पण स्थिरही हवा. हे दोन्ही कसं जमवायचं, तेच या लेखात बघू.

"हंटिंग ट्रायपॉड" म्हणजे काय?

ऑनलाइन दुकानात हलके ट्रायपॉड शोधले की "हंटिंग" असं लिहिलेले बरेच दिसतात. त्यामुळे अनेक जण गोंधळतात. अमेरिकेत ॲरिझोनासारख्या कोरड्या, डोंगराळ भागात शिकारी लोक १५ पटीची दुर्बीण ट्रायपॉडवर लावतात आणि तासन् तास एका जागी बसून समोरचा डोंगर इंच इंच चाळतात. दिवसभर पाठीवर वाहायचं, वाऱ्यात उभं करायचं आणि डोळे न थकता बघायचं, ही त्यांची गरज. त्यातून हलके, बुटके, दणकट ट्रायपॉड बाजारात आले.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. पण बघण्याची गरज तीच आहे. त्यामुळे या नावाखाली येणारा ट्रायपॉड पक्षी बघायला खुशाल वापरता येतो. फक्त एक काळजी घ्या. "शूटिंग स्टिक" म्हणून जो प्रकार मिळतो तो बंदूक टेकवायचा असतो. त्याच्या डोक्यावर इंग्रजी व्हीसारखी खोबण असते, दुर्बीण बसवायचा स्क्रू नसतो. तो आपल्या कामाचा नाही, आणि वनखात्याच्या नाक्यावर विनाकारण प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतील ती वेगळीच.

आधी ठरवा: वर काय बसणार?

८ पटीची दुर्बीण हातात धरून आरामात बघता येते. १० पटीची बहुतेकांना जमते, पण दहा मिनिटांनी हात भरून येतात. १२ किंवा १५ पटीच्या दुर्बिणीला आधार हवाच. स्पॉटिंग स्कोप साधारण २० ते ६० पट मोठं दाखवतो, तो ट्रायपॉडशिवाय वापरताच येत नाही.

कारण साधं आहे. चित्र जितक्या पटीनं मोठं होतं, थरथरही तितक्याच पटीनं मोठी दिसते. हिशेब करून बघा. स्कोप फक्त एक दशांश अंश हलला, तर शंभर मीटरवर त्याचा रोख सुमारे १७ सेंटिमीटर सरकतो. ६० पटीवर शंभर मीटरवरचा जेमतेम दोन मीटर रुंदीचा भाग दिसत असतो. म्हणजे एवढ्याशा धक्क्यानं चित्र जवळजवळ दहाव्या हिश्श्यानं उडी मारतं. डोळ्याला ते बघवत नाही.

वजनाचा अंदाजही घ्या. १०×४२ ची दुर्बीण साधारण ७०० ग्रॅम, ६५ मिलिमीटर भिंगाचा स्कोप सव्वा किलोच्या आसपास, आणि ८० ते ८५ मिलिमीटरचा पावणेदोन-दोन किलोपर्यंत जातो. फक्त दुर्बीण लावायची असेल तर सव्वा किलोचा ट्रायपॉडही चालतो. मोठा स्कोप लावायचा असेल तर त्याच ट्रायपॉडवर तो डोलायला लागेल.

पाठीवरचा हिशेब

समजा आंबोली किंवा चोर्ल्याला दिवसभर फिरायचं आहे. दुर्बीण ०.७ किलो, छोटा स्कोप १.३, ट्रायपॉडचे पाय १.४, वरचं हेड ०.५ आणि दोन लिटर पाणी. बेरीज ५.९ किलो, आणि डबा अजून धरलेलाच नाही. याच जागी जुन्या पद्धतीचा सव्वातीन किलोचा ट्रायपॉड घेतला, तर पायांच्या आणि हेडच्या वजनात सव्वा-दीड किलोची भर पडते. सकाळी ते जाणवत नाही. दुपारी परतताना खांद्याला कळतं.

पायी फिरणाऱ्यांनी पाय आणि हेड मिळून दोन किलोच्या आत राहावं. गाडीतून उतरून तळ्याच्या बांधावर उभं राहायचं असेल, तर वजनाची चिंता सोडा आणि जड घ्या. गदगजवळचं मागडी तळं, कुडचड्याजवळचं नंदा तळं, इंदूरचा सिरपूर तलाव, वडोदऱ्याजवळचं वढवाणा, हैदराबादचा अमीनपूर तलाव, अशा ठिकाणी गाडी बऱ्यापैकी जवळ जाते. तिथे एक किलो जादा असलं तरी बिघडत नाही आणि वाऱ्यात ते उपयोगीच पडतं.

ॲल्युमिनियम की कार्बन फायबर?

कार्बन फायबर हलकं असतं आणि धक्क्यानंतरची थरथर लवकर जिरवतं. थंडीत पहाटे हाताला चटका देणारं गारही लागत नाही. पण त्याच उंचीच्या ॲल्युमिनियम ट्रायपॉडपेक्षा किंमत दुप्पट किंवा त्याहून जास्त पडू शकते. शिवाय खडकावर जोरात आपटलं तर ॲल्युमिनियमला पोचा येतो, कार्बनला तडा जातो. पोच्याचं निभावतं, तडा गेलेल्या पायावर भरवसा ठेवता येत नाही.

आता एक गोष्ट दुकानदार बहुधा सांगत नाही. स्वस्त, बारीक पायांच्या कार्बन ट्रायपॉडपेक्षा चांगला, जाड पायांचा ॲल्युमिनियम ट्रायपॉड जास्त स्थिर असतो. वस्तू कशाची बनली आहे त्याहून नळी किती जाड आहे हे महत्त्वाचं. बजेट मर्यादित असेल तर ॲल्युमिनियम घ्यायला लाजू नका.

पायाचे तुकडे किती?

पाय तीन, चार किंवा पाच तुकड्यांचे असतात. तुकडे जास्त तेवढा ट्रायपॉड मिटल्यावर छोटा होतो, पण शेवटचा तुकडा बोटाएवढा बारीक होतो आणि तिथूनच थरथर सुरू होते. पाच तुकड्यांचे प्रवासी ट्रायपॉड बॅगेत छान मावतात, स्कोपखाली मात्र निराश करतात. तीन किंवा चार तुकडे बरे. मिटल्यावर ५०-५५ सेंटिमीटर लांबी असेल तर बसच्या रॅकवर, स्कूटरच्या पायाजवळ आणि पाठीवरच्या सॅकच्या बाजूलाही बसतो.

लॉक दोन तऱ्हेचे असतात, पिळायचे आणि खटका दाबायचे. खटक्याचे लॉक लागले की नाही ते लगेच दिसतं, पण झुडपात अडकतात. पिळायचे लॉक सुटसुटीत असतात, पण त्यात वाळू गेली की करकरतात. दोन्ही चालतात. थंडीत किंवा ओल्या हातानं उघडता येतात का, एवढं मात्र बघा.

उंचीची फसवणूक

जाहिरातीत लिहिलेली उंची मधला दांडा पूर्ण वर ओढून मोजलेली असते. आणि मधला दांडा वर ओढला की तीन पायांचा ट्रायपॉड एका पायावर उभा राहिल्यासारखा होतो. त्यामुळे "दांडा न ओढता उंची किती?" हाच प्रश्न विचारा.

किती उंची हवी, ते असं काढा. तुमची उंची १६५ सेंटिमीटर असेल तर डोळे साधारण १५३ वर येतात. त्यातून हेडची १० आणि स्कोपच्या पायापासून डोळ्यापर्यंतची १० वजा करा. राहिले १३३. सरळ स्कोप किंवा दुर्बीण उभ्यानं वापरायची तर पायांची एवढी उंची हवी. उतारावर एक पाय लांब करावा लागतो, म्हणून आणखी १० सेंटिमीटर हाताशी असलेली बरी.

डोळ्याची बाजू ४५ अंशात वळलेला स्कोप असेल तर मान थोडी झुकवून बघता येतं, आणि ११५-१२० सेंटिमीटर पुरतात. ट्रायपॉड बुटका म्हणजे हलकाही आणि स्थिरही. घरातली पोरं, आजी-आजोबा, ग्रुपमधले कमी उंचीचे लोक सगळ्यांना एकाच स्कोपमधून बघायचं असेल, तर वळलेला स्कोपच सोयीचा. सगळ्यांत बुटक्या माणसाच्या मापानं लावायचा, उंच माणसानं वाकायचं.

बसून बघायची सवय असेल तर प्रश्न आणखी सोपा होतो. जमिनीवर किंवा छोट्या स्टुलावर बसणाऱ्याला ९०-१०० सेंटिमीटर भरपूर झाले. बसलं की वारा कमी लागतो आणि पाखरंही कमी बुजतात. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी घडीची खुर्ची बरोबर ठेवावी. ट्रायपॉडवर वाचवलेल्या वजनात ती बसते.

हेडवर कंजूषी नको

पायांवर जे फिरतं-वळतं डोकं असतं त्याला हेड म्हणतात. फोटोवाल्यांना बॉल हेड आवडतं, कारण एका गोळ्यावर कॅमेरा कसाही फिरतो. स्कोपला ते गैरसोयीचं. ते सैल केलं की स्कोप एकदम पुढे कलंडतो आणि पक्षी परत शोधत बसावं लागतं.

दुर्बीण-स्कोपसाठी फ्लुइड हेड बघा. त्याला एक दांडी असते. आत दाट वंगण असल्यामुळे डावी-उजवीकडे, वर-खाली सावकाश, गुळगुळीत फिरतं. तळ्यावरची बदकं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजत जायची असतील तर याला पर्याय नाही. छोटं फ्लुइड हेड अर्ध्या किलोच्या आसपास मिळतं. मोठं व्हिडिओ शूटिंगचं हेड घेऊ नका, सगळी वाचवलेली ग्रॅम तिथेच परत जातील.

प्लेट आणि स्क्रूची भानगड

स्कोपच्या पायाला पाव इंची स्क्रूची जागा असते, आणि हेड पायांवर बहुधा ३/८ इंची स्क्रूवर बसतं. मध्ये पटकन काढ-घाल करायची प्लेट येते. सध्या सगळ्यांत जास्त चालते ती ३८ मिलिमीटर रुंदीची आर्का पद्धतीची प्लेट. बऱ्याच स्कोपच्या पायालाच तसा आकार दिलेला असतो, मग वेगळी प्लेट लागतही नाही. काही कंपन्यांची स्वतःची वेगळ्या मापाची प्लेट असते. ती हरवली की ट्रायपॉड घरी बसतो. शक्यतो आर्का घ्या आणि एक जादा प्लेट सॅकमध्ये टाका.

दुर्बीण लावायची असेल तर तिच्या दोन नळ्यांच्या मधल्या बिजागरीला समोरून एक छोटं टोपण दिसतं का बघा. ते काढलं की आत पाव इंची आटे असतात. तिथे एल आकाराचा अडॅप्टर बसतो. टोपणच नसेल तर पट्ट्यानं बांधायचा आधार मिळतो. दुर्बीण घेण्याआधीच हे तपासलं तर पुढची धावपळ वाचते.

"भार क्षमता ८ किलो"वर विसंबू नका

डब्यावर "८ किलो", "१२ किलो" असं छापलेलं असतं. हा आकडा सगळ्या कंपन्या एकाच पद्धतीनं काढत नाहीत. शिवाय ट्रायपॉड मोडत नाही म्हणजे तो हलत नाही, असं नव्हे. अंदाज म्हणून स्कोप आणि हेड मिळून जे वजन होईल त्याच्या निदान तिप्पट आकडा असलेला ट्रायपॉड बघा. पण खरी परीक्षा दुकानातच घ्या.

दुकानात करायच्या पाच परीक्षा

१. आपला स्कोप किंवा दुर्बीण बरोबर न्या. दुकानातल्या रिकाम्या ट्रायपॉडवरून काही कळत नाही.

२. पाय पूर्ण उघडा, मधला दांडा खालीच ठेवा. डोळे लावताना वाकावं लागतं का बघा.

३. दाराबाहेर शंभरेक मीटरवरची दुकानाची पाटी जास्तीत जास्त पटीवर धरा. एका पायाला बोटानं टिचकी मारा आणि मनात मोजा. दोन सेकंदांत चित्र शांत झालं तर चांगला. चार-पाच सेकंद लागले तर नको.

४. हेडचा वरचा भाग दोन्ही हातांनी हलकेच पिळून बघा. पाय वळल्यासारखे वाटले तर सांधे कच्चे आहेत.

५. फ्लुइड हेडनं रस्त्यावरून जाणारी सायकल धरून ठेवा. फिरवताना अडकलं, किंवा हात सोडल्यावर चित्र मागे सरकलं, तर दुसरं हेड मागा.

ऑनलाइन घेणार असाल तर परत करायची मुदत किती दिवसांची ते आधी वाचा, आणि पहिल्याच दिवशी घराच्या गच्चीवर या परीक्षा घ्या.

हलक्या ट्रायपॉडला जड करायची युक्ती

घाटमाथ्यावर वारं असतंच. हलका ट्रायपॉड घेतला असेल तर पाय एक टप्पा जास्त फाकवा आणि खाली बसून बघा. जाड तुकडे आधी उघडा, बारीक तुकडा शेवटी आणि गरजेपुरता. उतारावर दोन पाय उताराच्या बाजूला, एक चढाच्या बाजूला ठेवा, म्हणजे स्कोप दरीकडे कलंडत नाही.

मधल्या दांड्याला खाली हूक असतो. त्याला सॅक अडकवा, पण लोंबकळत ठेवू नका. वाऱ्यानं सॅक झुलली की चित्रही झुलतं. सॅकचा तळ जमिनीला जरा टेकेल असं बघा. आणि वारा असताना स्कोप लावलेला ट्रायपॉड एकटा सोडून चहाला जाऊ नका. बहुतेक स्कोप असेच पडून फुटतात.

पायाखाली काय आहे तेही बघा. मातीत अणकुचीदार टोकं चांगली. पण पावसाळ्यात आंबोली-चोर्ल्याच्या सड्यावर मातीचा पातळ थर आणि त्यात इवलीशी फुलं असतात. तिथे रबराचेच पाय ठेवा. खडकावर रबर पकडही चांगली घेतं.

पैसे कमी असतील तर

ट्रायपॉड लगेच घेतलाच पाहिजे असं नाही. कापडी पिशवीत एक-दीड किलो तांदूळ किंवा मूग भरा, तोंड शिवा. गाडीच्या खिडकीवर, बांधावर, दगडावर ही पिशवी ठेवून त्यावर दुर्बीण टेकवली की १० पटीचं चित्र झकास स्थिर राहतं. एका पायाचा मोनोपॉड चारशे-पाचशे ग्रॅमचा असतो आणि चढताना काठीचं काम करतो. तोही दुर्बिणीला चालतो, मोठ्या स्कोपला नाही.

चार जणांच्या ग्रुपनं एक चांगला स्कोप आणि एक चांगला ट्रायपॉड मिळून घेणं, हे प्रत्येकानं एक-एक डगमगता घेण्यापेक्षा कितीतरी बरं. फक्त कुणाकडे राहणार आणि बिघडला तर खर्च कसा वाटायचा, ते आधी बोलून घ्या.

पावसाळा आणि समुद्र

गोव्याच्या किंवा वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरून आल्यावर ट्रायपॉड त्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुवा. खारं पाणी लॉकच्या आत राहिलं की धातू धरतं. पाय उघडून, लॉक सैल करून सावलीत वाळवा, मगच मिटा. चिखलात वापरताना सगळ्यांत खालचा तुकडा थोडा बाहेर ओढून ठेवा, म्हणजे चिखल लॉकपर्यंत चढत नाही. घरातलं खोबरेल किंवा मशिनचं तेल लॉकमध्ये घालू नका, त्यावर धूळ चिकटून लॉक घसरायला लागतात.

शेवटी, अंतर राखायचं

अभयारण्यात जायचं तर परवानगी लागते, आणि कॅमेऱ्याचं शुल्क बऱ्याच ठिकाणी वेगळं असतं. ट्रायपॉड नेणार असाल तर नाक्यावर आधीच विचारून घ्या. पायवाटेच्या मधोमध तो लावू नका. घरट्याचं ठिकाण सोशल मीडियावर टाकू नका. हा नियम धनेशाला लागू आहे तसाच ग्वाल्हेरकडच्या मंडळींसाठी चंबळच्या वाळूत अंडी घालणाऱ्या पाणचिऱ्यालाही लागू आहे. तिथे तर नदीच्या काठावरून, स्कोपमधूनच बघायचं. वाळूवर पाऊल पडलं तर अंडी चिरडायची भीती, आणि पक्षी उठले तर उन्हात अंडी उघडी पडतात.

थोडक्यात सांगायचं तर फक्त दुर्बीण असेल तर सव्वा-दीड किलोचा, मधला दांडा न ओढता डोळ्यापर्यंत येणारा ट्रायपॉड आणि छोटं फ्लुइड हेड. छोटा वळलेला स्कोप असेल तर पाय आणि हेड मिळून दोन किलोच्या आत, तीन किंवा चार तुकड्यांचा. मोठा स्कोप आणि गाडी असेल तर वजन विसरा. आणि पैसे जर एकाच ठिकाणी वाढवता येत असतील, तर लेन्सच्या पुढच्या मॉडेलवर वाढवण्याऐवजी ट्रायपॉडवर वाढवा. मग शंभर मीटरवरूनच ढोलीतून बाहेर आलेली चोच स्पष्ट दिसेल आणि "जरा पुढं जाऊया" म्हणायची वेळ कुणावर येणार नाही.